पापडाभोवती गुंडाळलेला डोंगर

परवा गावाहून सामान आलं. पोह्याचे पापड पंचवीस रुपयांचे, आमसुलं अकराची, कुळथाचं पीठ घरचं. आणायचा खर्च म्हणजे महादेवाला एक वेळचं जेवण... महादेव आमच्या वाडीतला, इथे कतारला नजमा भागात राहतो, ड्रायव्हर आहे. रजा संपवून आला.

मैत्रिणींनो, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. वाचून पुढे पाठवा. कारण मी फार संतापले आहे.

पापडांभोवतीचा कागद जाड होता, म्हणून घडी घालून ठेवणार, तोच ह्यांनी ओढून घेतला. हे ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशेच काढतात, पण या कतारमध्ये डोंगर औषधालाही नाही. कागद जमिनीवर पसरला, रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले... "अगं, हा तर आपला डोंगर."

पावसात कुठली दरड सुटेल, उन्हाळ्यात कुठे वणवा लागेल, याचा तो नकाशा. जंगलखात्याच्या लोकांनी वाडीला दिलेला. दरडीच्या तांबड्या रेघांत आमचं घर... घरात सासूबाई एकट्या.

महादेव हसतो कसा! "वैनी, ते सायब बूट घालून देवराईत शिरले. नारळ नाय, गाऱ्हाणं नाय. त्यांचा कागद कोण भिंतीला लावील? भाऊंनी पापडाला घेतला."

भाऊ म्हणजे माझे धाकटे दीर, वाडीतच वेगळं घर करून राहतात. बूट घातले ते चुकलंच, मलाही पटलं नाही. पण म्हणून आईच्या जिवाचा कागद पापडाला?

आणि नीट पाहिलं तर देवराई नकाशात कोरी आहे. तिथे धोका नाही. तांबड्या रेघा सुरू होतात त्या राईला लागून, घराच्या वर... जिथलं रान भाऊजींनी गेल्या वर्षी ठेकेदाराला तोडायला दिलं. तेव्हा कुठे घातलं होतं देवीला गाऱ्हाणं? देवीने राखलं तेवढंच उरलंय, आणि भाऊजी तिच्याच नावाने रुसून बसलेत!

ह्यांना म्हटलं, ट्रंककॉल लावा. म्हणे, "भाऊ चिडेल. पुढच्या रजेत समोरासमोर बोलतो." रजा पुढच्या वर्षी... पाऊस काय ह्यांच्या रजेसाठी थांबणार? महादेव म्हणतो, "इन्शाल्ला, काय होत नाय." मी म्हटलं, तुझी आई त्या घरात झोपव आणि मग म्हण.



कुसुम, हे आता तुझ्यासाठी. तुझी शाळा आमच्या वाडीच्या पायथ्याशी, आणि सासूबाई तुझं ऐकतात. पत्र आधी तुझ्याकडेच येईल, नकाशा सोबत पाठवते आहे. तेल लागलंय, पण घर स्पष्ट दिसतं. त्यांना वाचता येत नाही, तू बोट ठेवून दाखव. दिवा कोण लावणार म्हणून अडतील, तर देव्हारा बरोबर घ्या. देवी रागावणार नाही, ते माझ्याकडे लागलं.

पाऊस लागायच्या आत त्यांना खालच्या वाडीत वन्संकडे पोचव. भाऊजींना विचारत बसू नकोस. आणि उलट टपाली एवढंच कळव... आई खाली आल्या.