साडूचा चंद्र

कोल्हापुरात जावयाचं वजन नळीवरून कळतं. सासुरवाडीच्या मटणात मगजानं भरलेली नळी एखादीच निघते. सासूबाईंची पळी ती घेऊन ज्याच्या ताटाकडे वळते, तो जावई मोठा. बरीच वर्षं ती माझ्याकडे वळायची. मी लग्नांचे फोटो काढायचो. डोळे मिटून बसलेल्या नवरदेवाचेसुद्धा डोळे माझ्या फोटोत उघडे यायचे, हे निम्मं कोल्हापूर सांगेल. उरलेल्या निम्म्यांचे फोटो मी काढलेले नाहीत. सासऱ्यांच्या सोप्यात, दारासमोरच्या खिळ्यावर, मी काढलेला सासू-सासऱ्यांचा जोडफोटो होता.

मग साडूनं टेलिस्कोप आणला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्यानं आजवर काढलेल्या प्रत्येक फोटोत त्याचा स्वतःचा अंगठा तेवढा स्पष्ट यायचा. टेलिस्कोपही असा बारका, की चुलीपुढची फुंकणी त्याच्याशेजारी तोफ वाटावी. त्याच्या भिंगाला यानं आपला नवा डिजिटल कॅमेरा नुसता हातानं टेकवला, श्वास धरला आणि बटण दाबलं. अर्धा चंद्र आला, सगळ्या खड्ड्यांसकट.

पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर खिळ्यावर चंद्र आणि सासू-सासरे कपाटावर. सासरे आल्यागेल्याला सांगत होते, "धाकट्या जावयानं आणलाय." जणू हा वर जाऊन पिशवीत घालून आला होता. त्या दिवशी नळी त्याच्या ताटात पडली. मला मानेचा तुकडा आला.

"लई सोपं हाय, साडूभाऊ," तो म्हणाला. "तुमच्या रोलच्या कॅमेऱ्यानं मात्र जरा अवघडच."

माझ्या पोटात जी आग पडली, तिच्यावर एक गुऱ्हाळ हंगामभर चाललं असतं. मीही तश्शीच फुंकणीएवढी दुर्बीण आणली.

माझा कॅमेरा भारी होता, तो हातानं टेकवण्यातला नव्हता. तो दुर्बिणीला जोडायला कडी पाहिजे होती. आमच्या गावात अडलेला माणूस देवाच्या आधी उद्यमनगरात जातो. तिथल्या लेथवाल्यानं ओतीव लोखंडाची कडी करून दिली. ती उचलताना माझी करंगळी वाकडी झाली, ती अजून सरळ नाही.

"जरा हलकी न्हाय का करता आली?" मी विचारलं.

"पावणं, हलकी केली तर माझं काम हाय म्हणून कोण म्हणंल?"

गच्चीवर कडी आणि कॅमेरा जोडल्याबरोबर दुर्बिणीचं बूड खाली बसलं आणि तोंड सरळ आभाळाकडे, गुळण्या करायला मान वर केल्यासारखं. मग मी पुढच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधला. तेव्हा कुठं तिनं मान खाली घेतली.

"अवं, बत्ता कुठं हाय? चटणी कुटायची हाय," बायको खालून ओरडली.

"चंद्राला टांगलाय."

"मग चटणी बी तिथंच कुटा."

तेवढं करूनही पहिला रोल वाया गेला. रात्रीची वरात टिपायची सवय. अंधार दिसला की मी शटर जास्त वेळ उघडं ठेवणार. रोल धुतल्यावर एकजात इडल्या निघाल्या, पांढऱ्या, गुळगुळीत. दुसरा रोलही तसाच. मग डोक्यात आलं: अंधार आपल्याकडे आहे, चंद्रावर ऊन पडलंय. चंद्र म्हणजे भर दुपारच्या उन्हात उभा असलेला पांढऱ्या फेट्याचा नवरदेव. असे नवरदेव मी हजारांनी टिपले होते. चंद्र पुन्हा अर्धा होईपर्यंत थांबलो आणि संध्याकाळी शटर दुपारच्या मापावर लावून फोटो काढला.

काय आला! साडूच्या चंद्रात खड्डे होते, माझ्या चंद्रात खड्ड्यांचे काठ होते. मोठा करून, चौकट लावून, रविवारी सासऱ्यांच्या हातात दिला.

"वा," सासरे म्हणाले. "त्याचीच आणि एक कापी काढून आणलासा व्हय?"

"मामा, ह्यो मी काढलाय."

त्यांनी चष्मा लावला. खिळ्यावरचा बघितला, हातातला बघितला. "पर चंद्र त्योच हाय न्हवं?"

चंद्र आपल्याला कायम एकच तोंड दाखवतो. लग्नात निदान दुसऱ्या बाजूनं जाऊन फोटो काढता येतो.

"एका सोप्यात दोन चंद्र कशाला?" म्हणत सासऱ्यांनी माझा चंद्र वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला.

जेवायला बसलो. नळी साडूच्या ताटात पडली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ती उचलून सरळ माझ्या ताटात ठेवली.

"घ्या, साडूभाऊ. तुमचा फोटो माझ्यापरीस चांगला हाय. मामास्नी त्यातलं काय कळतंय?"

हा माणूस नालायक असता तर माझी किती सोय झाली असती. मी नळी ताटावर आपटली आणि ओढली. मगज लोण्यासारखा होता. तेच जास्त झोंबलं.