ढगाची ओळ

माझ्या गाण्यांच्या अल्बममधलं संत्रं उन्हाला कंटाळून शेंदूरजनाघाटला एसटीत बसतं आणि चिखलदऱ्याला निघून जातं. बाकीची गाणीही याच वळणाची. कुठे गिटार उलटी वाजते, कुठे मध्येच नांदगाव पेठेतल्या यंत्रमागांची धडधड घुसते. नातेवाईक आईला हळूच विचारतात, "पोरगी बरी हाय ना?" मी बरी आहे. घाटात संत्र्याशी बोलणाऱ्या ढगाला बाबांचा आवाज असावा, एवढाच माझा हट्ट होता.

अमरावतीत आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात बाबा पुढे बसून गायचे. अर्धांगवायूनंतर जीभ जड झाली, सूर थरथरायला लागला आणि त्यांनी गाणंच सोडलं. आरतीलाही ओठ मिटून उभे राहायचे. माझ्यासाठी अकोल्याच्या स्टुडिओत ते एक ओळ गायले, पण अट घालून. "पयले मी आयकीन. मले लाज वाटली तं काढून टाकजो. अन् मंग मले कधी गा म्हनू नको."

अल्बम गेला चुलीत, मला त्या शेवटच्या वाक्याची धास्ती होती.

ऐकायला गेलो त्या दिवशी बाबा लुळा हात चांगल्या हातानं दाबून खुर्चीत बसले. रेकॉर्डिंग करणारा दादा एरवी भजनं आणि वरातीची गाणी करतो. भला माणूस. "आयका आता काकाजी," म्हणत त्यानं गाणं लावलं. एसटी निघाली, घाट लागला आणि ढग बोलला, "ये वं संत्रे, वर ये, इथं ऊन नाही."

सूर काठीसारखा सरळ. थरथर नाही, जड जीभ नाही, काही नाही.

दादा कौतुकाच्या आशेनं हसत होता. त्याच्याकडे म्हाताऱ्या बुवांचा सूर यंत्रावर सरळ करून देतात, तेही न सांगता. तो त्यांचा मान असतो. बुवा घरी जाऊन सगळ्यांना ऐकवतात. बाबाही खूश झाले तर मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते? माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

"बरा गाते," बाबा म्हणाले. "कोन हाय हा?"

"काकाजी, तुमीच!"

"मी नाही बा." ते खुर्चीला धरून उठले. "मले काढूनच टाकलं म्हना ना तुमी."

"आधीचं लावा!" मी जवळजवळ ओरडलेच.

दादाचा चेहरा उतरला. "ते नाही ना ताई. त्याच्यावरच सेव्ह केलं. मान राखाले गेलो जी मी."

त्याला फाडून खावंसं वाटलं. बाबा पाय ओढत निघाले होते. संपलं, मी मनात म्हटलं. पण बाहेरच्या दाराकडे न वळता ते माइकच्या खोलीत शिरले.

स्पीकरमधून आवाज आला, "तू तिकडंच थांब वं. तू रडतं अन् माह्या सूर हालते."

रडत मी होतेच. बाबांनी ओळ धरली. आवाज पहिल्यापेक्षाही जास्त थरथरला आणि 'ऊन'वर तर चक्क तुटला. तरी बाबांनी ओळ पुरी केली. दादाचा हात सवयीनं माउसकडे गेला.

काचेपलीकडून बाबांनी बोट उगारलं.

"हात नको लावू त्याले. तो मी हाय."