तनूच्या डोक्यात जागा किती? तलासरी, डहाणू आणि घोलवड

"तू ये, दोन दिवस राहा आणि जाताना तनूला घेऊन जा." ताईचा असा फोन आला आणि माझा डहाणूचा प्रवास ठरला. समुद्र बघायचं मनात होतंच, पण असा बघायचा नव्हता.

तनू माझी भाची. दुसरीत आहे. दिवाळीनंतर दाजींना गुजरातच्या हद्दीतल्या एका कारखान्यात काम मिळालं आणि तिघं नाशिकहून तलासरीला राहायला गेले. तेव्हापासून तनू नव्या शाळेत एक शब्द बोललेली नव्हती. स्वतःचं नावसुद्धा सांगत नव्हती. घरात मात्र पोपटासारखी बडबड. शेजारची मुलं खेळायला आली की दोन्ही हात कानांवर आणि तोंड घट्ट मिटलेलं. शेवटी ताईने कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठणठणीत होते, फक्त दोन्हींतून कापसाचे बोळे निघाले. ते तिनेच घातले होते. का, ते सांगायला तयार नव्हती.

"वर्ष फुकट जाण्यापेक्षा नाशिकला आजीकडे राहू दे," असं दाजींनी ठरवलं. ताई फोनवर "हो, तसंच बरं" म्हणाली आणि मग तेच पुन्हा एकदा म्हणाली.

तर प्रवास. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा डहाणूकडे जाणारा रस्ता आहे. एसटी मिळते, आपल्याला चारोटी नाक्यावर उतरायचं असतं. सकाळी लवकर निघा, म्हणजे दुपारी पोचाल. वळणं भरपूर. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा धरावी आणि जवळ लिंबू ठेवावं. मी लिंबू, आवळासुपारी, कागदी पिशव्या आणि एक छोटी उशी घेतली होती. उशी येताना तनूसाठी. जाताना ती शेजारच्या जागेवर ठेवली तर कंडक्टर म्हणाले, "हिचं तिकीट काढायचं का?"

मोखाड्यापर्यंत मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत होतो. ही माझी सवय आहे. मी छापखान्यात लग्नपत्रिका जुळवतो, त्यामुळे 'ऊसाचा रस' दिसला तरी मी त्यातला ऊ मनातल्या मनात ऱ्हस्व करून घेतो. पुढे घाट लागला आणि पाट्या संपल्या. मग मी तनूशी काय बोलायचं याची मनात तयारी करत बसलो. चारोटीपर्यंत तयारी काही झाली नाही.

चारोटीला वडापाव खाल्ला आणि हायवेवरून शेअरच्या गाडीने तलासरी गाठली. थंडीचे दिवस असतील तर या पट्ट्यात हायवेच्या कडेला उंबाडियुं विकणारे दिसतात. मडक्यात कंद, रताळी आणि पापडी ओल्या मसाल्यात भाजलेली असतात, वर पाल्याचा वास. अर्धा किलो घ्या, दोघांना पोटभर होतं. मी चौघांसाठी किलोभर घेतलं आणि तिथून दारापर्यंत ते ताज्या पत्रिकांसारखं दोन्ही हातांनी धरून नेलं.

"मामा आला! मामा आला!" तनू लांबूनच ओरडली. मग माझ्या पाठीवर चढून तिने मला अर्ध्या तासात सगळं सांगितलं. इथल्या पाली नाशिकच्या पालींपेक्षा जाड आहेत, शेजारच्या जयूकडे पाच कोंबड्या आहेत, पप्पा आता 'हो ना'च्या जागी गुजरातीत 'हा ने' म्हणायला लागलेत. मी मनात म्हटलं, हिला काय झालंय? तेवढ्यात दारात ती जयू उभी राहिली. तनूएवढीच, वेणीला लाल रिबीन. तिच्या घरी वारली आणि गुजराती दोन्ही चालतात.

"तनू, येतेस का खेळाया?"

तनूचे हात कानांवर गेले. ओठ आत ओढले गेले. जयू जरा वेळ थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि निघून गेली.

"बघितलंस?" दाजी म्हणाले. "रोज हेच. ती पोरगी पण बिचारी रोज येते." मग उंबाडियुं खाताना त्यांनी हळूच विचारलं, "बसमध्ये त्रास नाही ना होणार तिला?"

दुसऱ्या दिवशी मी तनूला घेऊन डहाणूला गेलो. जाण्याआधी निदान समुद्र तरी दाखवावा म्हणून. तलासरीहून एसटी आहे, शेअरच्या गाड्याही आहेत. दोघांत तीनशे रुपयांत जाणं-येणं झालं. जेवण आणि रिक्षा वेगळी.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. डहाणूचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला समुद्र शोधायला लागतो. तनूने कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुठे गेला?"

"येईल परत."

"सगळा?"

"सगळा."

तिला पटलं नाही. मला फोटो काढायचा होता, तर मोबाईलवर आलं की मेमरी भरली आहे. मी वाळूत उकिडवा बसून जुने व्हिडिओ काढून टाकायला लागलो आणि तनूने किंचाळून माझ्या हातावर झडप घातली.

"आजीचं नको काढू! आजीचं नको काढू!"

मी घाबरलो. लोक बघायला लागले. तिला जवळ घेतलं, तेव्हा रडत रडत तिने सांगितलं ते असं. ताईचा मोबाईल दिवाळीनंतर असाच भरला होता. पप्पांनी कारखान्याचं काहीतरी त्यात घेतलं, आणि त्यासाठी व्हिडिओतली आजीने सांगितलेली गोष्ट निघून गेली. ती परत मिळाली नाही. डोक्याचंही तसंच असतं. तनूच्या डोक्यात मराठी आहे, इंग्लिशच्या कविता आहेत, थोडं हिंदी आहे. डोकं आता भरलं आहे. इथली मुलं बोलतात ते आत शिरलं की आतलं काहीतरी बाहेर पडणार. म्हणून कापूस.

"तुला कुणी सांगितलं असं?"

"कुणी नाही. झालंय तसं." तिने डोळे पुसले. "आजीच्या गल्लीतला कुत्रा आहे ना, त्याचं नाव गेलं."

"तो तपकिरी? त्याला कुठे नाव आहे? सगळे हाडच म्हणतात."

"मी ठेवलं होतं. फक्त मला आणि त्याला माहीत होतं. पहिल्या दिवशी जयू माझ्याशी खूप बोलली, आणि रात्री ते नाव गेलं."

मी मोती, वाघ्या, राजा, टिप्या, सगळी नावं घेऊन बघितली. ती नुसती मान हलवत होती.

"तनू, डोकं म्हणजे मोबाईल नसतं गं."

"तू उघडून बघितलंस?"

मला हसू येईना, कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. माझी शाळा आठवीत सुटली. तेव्हा गल्लीतले एक काका म्हणाले, आता वर्षभरात सगळं विसरशील. मी हिशेब केला की अक्षरं मागून जाणार. आधी ज्ञ, मग क्ष, मग ळ. कितीतरी दिवस मी सकाळी उठून तोंड धुण्याआधी ज्ञ लिहून बघायचो. ज्ञ आला की निर्धास्त, तो आहे म्हणजे पुढची सगळी मंडळी जागेवर आहेत. हे मी तनूला सांगितलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "मग गेला?"

"नाही."

"एकपण नाही?"

"एकपण नाही. नवीन शब्द आले ते वेगळेच."

तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून नीट मापलं. "तुझं मोठं आहे," म्हणाली आणि विषय संपला.

एका खानावळीत कुरकुरीत बोंबील आणि तांदळाची भाकरी खाऊन आम्ही रिक्षाने घोलवडकडे निघालो. हा रस्ता चुकवू नका. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. रिक्षावाल्याशी दर आधी ठरवा, थांबणार हेही आधी सांगा.

घोलवडला एका वाडीच्या फाटकाशी चिकूचा ढीग मांडून एक मावशी बसल्या होत्या. पिवळी साडी, केसांत अबोली. आम्ही उभे होतो तेवढ्यात त्यांनी टेम्पोवाल्या शेठशी गुजरातीत घासाघीस केली, मुंबईच्या एका जोडप्याला हिंदीत "कल खाना, आज कच्चा है" असं बजावलं, आत चिकू निवडणाऱ्या बायांना वारलीत काहीतरी असं सुनावलं की त्या खो-खो हसल्या, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "तुजा नाव काय गं बाय?"

तनूने हात वर उचलले होते, पण ते कानांपर्यंत पोचले नाहीत. ती मावशींच्या कपाळाकडे बघत होती. मग माझी बाही ओढून कानात म्हणाली, "विचार, यांचं काय काय गेलं."

मी संकोचत सगळं सांगितलं. मावशींनी हातातला चिकू खाली ठेवला.

"माजा? माजा कशाला जाईल? माहेर सायवनला, तिथला बोलणा हाय. सासूचा हाय. शेठचा हाय. टीव्हीचा हाय."

तनू पुन्हा माझ्या कानात. "लहानपणीचं विचार."

"लहानपणीचा तर लय हाय!" मावशी म्हणाल्या. "ऐक. माजा बाप चिकूच्या पेट्या रेल्वेत चढवायचा. मी विचारायची, कुठं जातात? तो बोलायचा, दिल्ली खाते. मला वाटं दिल्ली नावाची कोण बाई हाय. रोज एवढे चिकू एकटी खाते! मी आईला बोलली, तिचा पोट दुखत नाय का? एकदा तर पेटीत ओवा टाकला मी, गुपचूप."

आतल्या बाया पुन्हा हसल्या. रिक्षावाला हसला. तनूने कानात न सांगता, थेट, मोठ्याने विचारलं, "मग दिल्लीला बरं वाटलं?"

दिवाळीनंतर बाहेरच्या माणसाशी तिने बोललेलं हे पहिलं वाक्य. मला ताईला फोन करायचा होता, पण मध्येच बोललो तर ती पुन्हा गप्प होईल म्हणून केला नाही. मावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाटला असेल. तक्रार नाय आली." आणि तिच्या ओंजळीत दोन पिकलेले चिकू ठेवले.

तिथून बोर्डीच्या पुढे झाई गावापर्यंत गेलो. इथे महाराष्ट्र संपतो. शाळेच्या नकाशात महाराष्ट्र गुलाबी आणि गुजरात पिवळा होता, म्हणून लहानपणी मला वाटायचं की तिकडची माती पिवळी असणार. तनूने वाकून दोन्हीकडची माती नीट तपासली. सारखीच होती. एक कोंबडी इकडून तिकडे गेली.

"तिला तिकडे गेल्यावर गुजराती येतं?"

"विचार तिला."

ती खूप हसली. पण परत येताना गाडीत तिचे ओठ नुसतेच हलत होते. कुत्र्याचं नाव आठवत असणार. मावशींचं डोकं मोठं होतं, माझं मोठं होतं, तिचं लहान होतं. तिचा हिशेब काही बदलला नव्हता. आणि सकाळची बस ठरलेली होती.

तलासरीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ताईने ओट्यावर तनूची बॅग आणून ठेवली होती आणि तिच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. एकाच फ्रॉकची घडी ती पुन्हा पुन्हा घालत होती. जयू अंगणात आली. तिच्या कडेवर राखाडी रंगाची मांजर, मागचे पाय लोंबत होते.

"तनू, बघ. बिलाडी!"

तनूचे हात निघाले आणि अर्ध्यावर थांबले. ती मांजरीकडे बघत राहिली.

"बोक्या," ती म्हणाली.

"बोक्या नाय, बिलाडी हाय," जयू म्हणाली.

"बोक्या! मामा, बोक्या! त्याचं नाव बोक्या! मांजरासारखा झोपायचा ना, म्हणून बोक्या!" ती ओट्यावर उड्या मारायला लागली. फ्रॉकच्या घड्या खाली पडल्या. दाजी टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले. तनूने जयूचा दंड धरला. "अजून एक सांग. अजून एक सांग ना!"

जयू बिचारी गोंधळली. तिने कोंबडीकडे बोट दाखवलं. "मरघी."

तनूने डोळे मिटले, जरा थांबली, आत काही पडलं का ते ऐकल्यासारखं केलं. "बोक्या," स्वतःशी म्हणाली. मग डोळे उघडले. "आहे! अजून सांग!"

जेवणं होईपर्यंत त्यांनी अंगणातली एकही वस्तू सोडली नाही. दाजींनी तनूची बॅग उचलून आत नेली. ताई मला म्हणाली, "तू लिंबू आणलं होतंस ना? दे, सरबत करते."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या जागेवर चिकूची पेटी होती आणि पेटीवर उशी. कंडक्टर तेच निघाले. म्हणाले, "आता तर दोन तिकिटं झाली."

चिकू घेणाऱ्यांसाठी एक सूचना. घोलवडचे चिकू कडक असतानाच घ्या, घरी कागदात गुंडाळून ठेवा, दोन-तीन दिवसांत तयार होतात. पेटी मांडीवर घेऊ नका, जव्हारच्या वळणांवर कोपरे फार लागतात.

शाळेत तनूने नाव सांगितलं. आता बाई म्हणतात, जरा कमी बोल. मला रोज संध्याकाळी फोन येतो आणि कालचा शब्द विचारला जातो. माझे उच्चार ऐकून मागे जयू हसते.

काल फोनवर हुकूम झाला की आजीच्या गल्लीत जाऊन बोक्याला हाक मार. मी मोबाईल समोर धरून उभा राहिलो. तो तपकिरी कुत्रा चक्कीच्या पायरीवर अगदी मांजरासारखा वेटोळं करून झोपला होता. आजवर त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"बोक्या," मी म्हटलं.

त्याचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. तो उठला, आळस दिला आणि शेपटी हलवत आला.

"विसरला नाही!" मोबाईलमधून तनू ओरडली, आणि तिचा आवाज ऐकून तो माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागला. "मामा, आता त्याला बिलाडी म्हण. शिकव त्यालापण. जागा आहे त्याला."