तुळशीच्या जागी स्पेकबूम

बायको गेल्यावर आई पुण्याहून इकडे परदेशात, आमच्या पापाकुराच्या घरी राहायला आली. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. ऑफिसात सगळे 'टेक हीप्स ऑफ टाइम', हवा तेवढा वेळ घे, म्हणायचे. मी मान डोलवायचो आणि कामाला लागायचो. पुढ्यात येईल ते जेवायचो. भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळायचं नाही.

घरात बायकोच्या हातचं जिवंत असं एकच उरलं होतं, डेकवरच्या कुंडीतलं स्पेकबूम. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळावरचं रानटी झुडूप. लालसर देठ, नखाएवढी गुबगुबीत पानं. तिकडे ते हत्ती खातात म्हणे. पाणी पानांतच साठवतं, म्हणून बायको महिन्यातून एकदा जेमतेम पाणी घालायची, हिवाळ्यात तेवढंही नाही.

आईला आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायची सवय. इथल्या थंडीत आमची तुळस कधी टिकलीच नाही. मग तिनं स्पेकबूमलाच धरलं. रोज तांब्याभर पाणी, हळदकुंकू, उदबत्ती, आणि ऐन जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, गारठ्यात स्वेटरवर शाल गुंडाळून प्रदक्षिणा. "तिनं लावलंय ना, मग हीच माझी तुळस," म्हणायची. मी काचेच्या दाराआडून चहा पीत बघायचो. झाड सडणार हे दिसत होतं. पण तोंड उघडायचाच कंटाळा यायचा, आणि दिवसभरात आईचा चेहरा तेवढ्याच वेळापुरता सैल पडायचा.

मग पानं गळायला लागली. एका शनिवारी आईनं बुंधा चाचपला, तर बोट आतच गेलं.

"अरे, मी मारलं का रे हे?"

"थंडीनं झालं असेल," मी म्हणालो. बायको गेल्याचं लोकांना फोनवर सांगताना लावायचो, त्याच आवाजात.

वरची एक फांदी तेवढी अजून टणक होती. आईनं ती खुडली, घाईघाईनं स्वयंपाकघरात नेली, पेल्यात ठेवली आणि नळ सोडला.

"पाणी नको!" मी असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "कोरडी ठेवायची असते ती! काही कळत नाही तुला! नुसतं पाणी, पाणी! ती गेली, आता हेही घालव!"

फांदी मी हिसकावूनच घेतली. आईशी असा आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

तिनं नळ बंद केला. आता रडेल असं वाटलं. पण ती जवळ आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ओरड," म्हणाली. "आल्यापासून वाट बघतेय मी. ओरड, बाळा."