किक मी मारणार

यजमानांनी मोटारसायकलसाठी नाव नोंदवलं तेव्हा ते धडधाकट होते. नंबर लागेपर्यंत पाच वर्षं गेली आणि त्याच सुमारास त्यांचं हृदय दुखावलं. खामगावच्या डॉक्टरांनी बजावलं, जोराचं काम करायचं नाही, सायकलसुद्धा नाही. महिनाभराने पत्र आलं की गाडी घेऊन जा.

मी म्हटलं, नंबर सोडून द्या. पण ते जनावरांचे डॉक्टर, आमचं बिऱ्हाड जानेफळात, आणि भोवतालची दहा-बारा गावं त्यांच्याकडे. सायकल सुटल्यावर ती गावं करायची कशी, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी मी एकच अट घातली. चालवा तुम्ही, पण किक मी मारणार.

गाडी काळी, लांबलचक आणि भरल्या म्हशीएवढी जड होती. नुसत्या लाथेला ती दाद देत नसे. आधी किक हळूहळू दाबत न्यायची आणि दिव्याच्या वर एक काटा होता त्याकडे लक्ष ठेवायचं. काटा मध्यावर आला की हँडलखालचा छोटा खटका ओढून किक बोटभर पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच दणका. घाई केली तर किक उलटी येऊन नडगीवर बसे. पहिले पंधरा दिवस माझी उजवी नडगी निळी होती. सकाळी गारव्यात जेवढं पेट्रोल सोडावं लागे तेवढंच दुपारी सोडलं तर गाडी गुदमरायची. उभ्या जागी तेल गाळायची, म्हणून खाली पत्र्याचं झाकण ठेवायचं. एवढं कळायला महिना गेला. लुगड्याचा काचा घट्ट खोचला की बाकी काही अडत नसे.

अडचण परतीची होती. तिकडच्या गावात किक कोण मारणार? गावातले तालीमबाज गडी पुढे यायचे आणि नडगी चोळत मागे सरकायचे. तेव्हा मीच बरोबर जाऊ लागले. तिकडे गेल्यावर रिकामं कशाला बसायचं, म्हणून दावं धरणं, पाणी तापवून घेणं ही कामंही माझ्याकडे आली. निघताना मी किक मारायला उभी राहिले की माणसं जमायची.

एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "डाक्टर, गाडी तुमची हाये का बाईची?"

"गाडी माही, लाथ तिची," हे म्हणाले. "घरीबी तसंच हाये."

लोक हसले. मीही हसले, पण गाडीवर बसल्यावर त्यांना चिमटा काढला. असे अकरा महिने गेले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी इतकं बोलायला मला तोवर कधी मिळालं नव्हतं.

चैत्रात आमच्याकडे तीन घरांच्या कुरडया एकत्र व्हायच्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक चुलीवर चढला की हलवणाऱ्या बाईला तिथून उठता येत नाही. हात थांबला की गाठी होतात, आणि गाठी झाल्या की तीन घरांचा गहू वाया. त्या दिवशी हलवायला मी होते. अशात एक सायकलवाला निरोप सांगून गेला की पुढच्या गावात म्हैस अडली आहे, रेडकाचा एकच पाय बाहेर आलाय.

यजमान पिशवी घेऊन परसदारी आले. "चाल वो. येवढी गाडी सुरू करून दे."

"चीक चुलीवर हाये. बसा जराक."

"म्हैस बसंल का तोवर?"

शेजारीण म्हणाली, जा वो बाई, मी हालवतो. मी नाही म्हटलं. तिच्या हाताने गाठी होतात, हे मला माहीत होतं.

ते पुढच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला. एका किकेत लागली होती. मला राग आला. म्हटलं, परत आल्यावर बघते यांच्याकडे. आवाज लांब जाईल म्हणून कान देऊन होते. तो जागचा हलेना. वाटलं, माझीच वाट पाहत असतील, पाहू देत.

चीक शिजला. पातेलं उतरवून बायकांच्या हवाली केलं आणि हात पुसत पुढे गेले. गाडी स्टँडवर रिकामीच थरथरत होती. ते ओट्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, मान खाली. मी त्यांना पाहिलं आणि तरी आधी गाडीकडे गेले. पेट्रोल उगाच जळत होतं. चावी फिरवून ती बंद केली आणि मग त्यांना हाक मारली.

खामगावचे डॉक्टर म्हणतात, ते जागीच गेले असतील. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाले. पण जागीच गेलेला माणूस गाडीजवळ पडला असता. हे चार पावलं चालून पायरीवर येऊन बसले होते. पुढे किती वेळ बसले, ते डॉक्टरांना ठाऊक नाही, आणि मी त्या वेळात चीक हलवत होते.