एका पानाचं उत्तर

गेल्या महिन्यात दौंडहून आलेलं एक पोस्टकार्ड शिपायानं माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवलं. मयताच्या कार्डासारखा कोपरा फाडलेला होता, पण माझं लक्ष गेलं नाही. आमच्या सरकारी शिक्षण संशोधन कचेरीत मास्तरांची कार्डं रोजच येतात, मुलं हातच्याची वजाबाकी का चुकतात, असले प्रश्न घेऊन. त्यातलंच एक समजून वाचायला घेतलं... उस्मान मुलाणी गेला होता. डोळे भरून आले, आणि त्यामागोमाग, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. आता कुणी माझी त्याच्याशी तुलना करणार नव्हतं.

आम्ही दोघं शिरूरचे, एका बाकावरचे. पहिला नंबर माझा, पदवीही माझीच मोठी. तो दौंडला प्राथमिक शिक्षक होता, नंतर आमच्या कचेरीत माझ्या हाताखाली आला. तेव्हा आमचं काम म्हणजे शाळांना छापील तक्ते पाठवायचे, हेडमास्तरांनी ते भरायचे आणि त्यावरून आम्ही जाडजूड अहवाल लिहायचे. शिरूर-दौंडकडच्या मुलांचं वाचन समाधानकारक आहे, हा माझा अहवाल साहेबांनी फार वाखाणला होता. उस्माननं तो वाचला आणि एवढंच म्हणाला, "वसंता, एकडाव माझ्यासंगं शाळंत चल."

दौंडच्या शाळेत चौथीतल्या एका मुलीनं धडा घडाघडा वाचून दाखवला. मी ऐटीत उस्मानकडे पाहिलं. त्यानं खिशातून घरचं पोस्टकार्ड काढून तिच्या हातात दिलं. "आता ह्ये वाच, बाय. माझ्या बहिणीचं हाय." तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, ह्यो धडा आमाला अजून न्हाई झाला." परतीच्या गाडीत उस्मान त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. निदान एखादा टोमणा मारला असता, तर मला भांडता तरी आलं असतं.

आठ दिवसांत त्यानं टिपण लिहिलं. प्रत्येक अधिकाऱ्यानं महिन्यातला एक आठवडा शाळेत स्वतः शिकवावं, प्रश्न शिक्षकांनी कार्डावर पाठवावेत आणि उत्तर एका पानाचं असावं, वर्गात चिकटवता येईल असं. ते माझ्यामार्फत वर जायचं होतं. वाचताना माझा नुसता जळफळाट झाला, कारण हे मला सुचायला हवं होतं. मी ते खणात ठेवलं, चार महिने.

"टिपण सायबांकडं पोचलं का रं?" तो विचारायचा.

"गेलंय वर," मी म्हणायचो.

शेवटी दौंडच्या दौऱ्यात साहेबांना तोच दिसला, रजा टाकून वर्गावर शिकवताना. त्यांनी टिपण मागवलं आणि मला ते खणातून काढून द्यावं लागलं. कचेरी बदलली. शाळाशाळांतून त्याचं नाव झालं, माझं अहवालांच्या पुठ्ठ्यांवर राहिलं.

परवा दौंडला उस्मानच्या बायकोला, भाभींना, भेटून येताना त्याच शाळेत डोकावलो. कपाटाच्या दारावर आमच्या कचेरीचं पहिलं एकपानी उत्तर अजून चिकटवलेलं होतं, सायक्लोस्टाइलची शाई फिकी झालेली. विषय होता पाठांतर आणि वाचन. खाली दोन नावं. आधी माझं, मग त्याचं. त्यातला एक शब्दही मी लिहिला नव्हता. रागापोटी ते पान तेव्हा हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

हेडमास्तर म्हणाले, "मुलाणी सर सांगायचे, पैला अभ्यास वसंतानंच केला. टिपण तुमच्या खणात ऱ्हायलं व्हतं, ते बी हसून सांगायचे. म्हनायचे, त्याच्या जागी मी असतो तर मी बी तेच केलं असतं."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं... आणि त्यानं तसं केलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. जिवंतपणी कधी आला नव्हता इतका राग मला तिथं त्याचा आला.

कार्डं अजून त्याच्याच नावानं येतात. उत्तरं मी लिहितो. काल कोरेगाव भीमाच्या एका बाईंना उत्तर लिहिलं आणि खाली नावं घालायला घेतली. आधी त्याचं घालायचं, हे ठरवूनच बसलो होतो. तरी दोन पानं फाडावी लागली. हात आधी माझंच नाव लिहीत होता.