शेडात अनवाणी

कोंबड्यांच्या शेडात मी पायताण घालून कधी गेलो नाही आणि जाणार नाही. खळ्यावर कुणी चप्पल घालून पाय ठेवला तर आमचा बाप काठी घ्यायचा. ज्यावर घर चालतं ती लक्ष्मी. रहिमतपूरच्या शिवारातलं हे शेड मी स्वतः पत्रे ठोकून उभं केलंय. त्याला वेगळा कायदा कसला?

आता ते पोरगा आणि सून बघतात. पिल्लं, खाद्य कंपनीचं, राबणं यांचं. बर्ड फ्लूची बातमी आली तसा कंपनीचा डॉक्टर आला. मिसरूड फुटलेलं पोरगं. त्यानं दाराशी औषधाच्या पाण्याचा ट्रे ठेवायला लावला. आत घालायचे गमबूट वेगळे, ते ट्रेमध्ये बुडवायचे, मगच आत पाय टाकायचा. वर म्हणतो, अंगणात कोंबड्या नकोत. माझ्या नऊ गावरान कोंबड्या अंगणातच असायच्या. मी म्हटलं, त्यांना आजवर शिंक आली नाही, रोग तुमच्या पांढऱ्या पिल्लांनाच होतो.

पुढच्या खेपेला त्यानं मला धरलंच. मी नेहमीसारख्या चपला बाहेर काढल्या, ट्रे ओलांडला आणि अनवाणी आत शिरलो. अंगणातून आलो होतो, टाचेला कोंबडीची शीट होती.

"आजोबा, चप्पल परवडली. रोग असाच पायानं आत जातो."

माझ्या पायाला बोलला. मीही सोडला नाही. दिवसाला दहा शेडं हिंडणारा तू, खरा रोग तूच वाहतोस, म्हणालो. तो चिडला नाही, याचा मला जास्त राग आला. माझ्यादेखत पोराला म्हणाला, हे असंच चाललं तर पुढची पिल्लं मिळणार नाहीत.

पोरगा खाद्याची पोती मोजायला लागला. बोलली ती सून.

"आवं मामंजी, पिल्लं आली न्हाईत तर पोरीचं सांगलीचं कॉलेज बंद पडंल. लक्ष्मीचा मान राखा, पर भाईरनं राखा."

मीच बांधलेल्या शेडाबाहेर मला उभं करणारी ही. दोन दिवस तिच्या हातचं जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ कोंबड्या मीच धरल्या. निरोगी होत्या, डॉक्टरानंही बघून तसंच सांगितलं होतं. सुरी मी धरली, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. रस्सा साऱ्यांनी ओरपला. मी ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली.

मग पिल्लांची गाडी आली. फाटकात तिची चाकं औषधानं धुतली. सुनेनं माझ्या मापाचे नवे गमबूट आणून पुढ्यात ठेवले. मी ते पायानं सरकवले.

तेव्हापासून मी आत गेलेलो नाही. जाळीबाहेर बसतो, चिवचिव ऐकतो. बॅच चांगली निघाली, पिल्लांची मर लय कमी झाली, डॉक्टर सुनेचं कौतुक करून गेला. माझा पाय आत न पडताच पिल्लं वाढली, हे मला अजून सोसत नाही.